नावेचा वाटा

मित्रांनो, मी एक जुनी नाव आहे, पण मला शोधायला पाण्यात पाहू नका. टार्पन स्प्रिंग्ज या बंदरगावाच्या धक्क्यावर, नदीकडे तोंड करून, लाकडी ठोकळ्यांवर मी उभी असते. माझ्या कठड्याला स्पंजांच्या माळा टांगलेल्या असतात आणि प्रवासी माझ्यापुढे उभे राहून फोटो काढतात. पुष्कळांना वाटतं, मला शोभेसाठीच बांधलं आहे. मी रागावत नाही. ज्यांनी मला समुद्रात पाहिलंच नाही, त्यांना काय बोलायचं?

गोष्टीआधी एक सांगून ठेवते. मला हिशेब कळतो. नावेला कसला आलाय हिशेब, असं म्हणू नका. आमच्या धंद्यात, समुद्राच्या तळाचे स्पंज काढून विकायच्या, नाव ही वाटेकरीण असते. खेपेहून परतलं की विक्रीच्या पैशांतून आधी तेल आणि शिधा वजा होतो. मग उरलेल्याचे वाटे पडतात. कप्तानाचा, पाणबुड्याचा, दोर धरणाऱ्याचा, खलाशांचा, आणि दोन वाटे नावेचे. नावेच्या वाट्यातून रंग, दोरखंड, इंजिनाची दुरुस्ती. मला हात नाहीत, खिसा नाही, पण पैसे मोजायच्या वेळी पहिलं नाव माझं निघे. त्यामुळे कुणी किती काढले, कशातून काढले आणि कुणाच्या तोंडचे काढले, हे मला बरोबर समजतं.

याच नदीच्या काठी मला बांधलं. कणा पाइनचा, फळ्या दलदलीतल्या सरूच्या. मालक होता कालिम्नोस या ग्रीक बेटावरून आलेला एक कप्तान, आणि त्याच्या बायकोचं नाव थेमेलिना. तेच नाव त्याने मला दिलं. डोलकाठी उभी करायच्या दिवशी थेमेलिना आली, डोक्याच्या रुमालाची गाठ सोडली आणि गावाहून जपून आणलेलं सोन्याचं नाणं डोलकाठीच्या खाचेत ठेवलं. "नावेचं भाडं नावेपाशी असावं," ती म्हणाली. मग त्यावर काठी उतरवली. ही आमची जुनी रीत. ते नाणं काढायचं नसतं. नाव मोडायला काढली, तरच ते बाहेर येतं.

कप्तान गेला, थेमेलिना गेली, आणि मी थोरल्या मुलाकडे आले. त्याचं नाव साकेलारिस. बहिणींची लग्नं झाल्याशिवाय भावाने बोहल्यावर चढायचं नाही, ही आमच्याकडची दुसरी रीत. साकेलारिसला बहिणी तीन. तिसरी उजवेपर्यंत त्याचे केस पिकले, आणि मग त्याच्याच लग्नाचं कुणी काढलं नाही. त्याने सगळी माया धाकट्या भावावर केली. हा मिकेस. तो पाणबुड्या झाला. पितळी शिरस्त्राण घालून, छातीवर शिसं बांधून तो खाली उतरे आणि थोरला वर माझ्या कठड्याशी त्याचा दोर धरून उभा राही. एकदा ओढलं की ढील द्यायची, दोनदा ओढलं की वर घ्यायचं. पुष्कळ वर्षं त्या दोन भावांचं निम्मं बोलणं दोरातूनच झालं.

ते दिवस माझे वैभवाचे. दरवर्षी तळाला तांब्याचा रंग, अंगाला पांढरा, कडेला निळी पट्टी. जानेवारीत पाद्री तुळशीच्या जुडीने माझ्यावर पाणी शिंपडी आणि शेजारच्या नावांचे कप्तान म्हणत की थेमेलिना घरंदाज बाईसारखी चालते. ऐकायला बरं वाटे. स्तुती कुणाला नको असते?

अजून एक रीत सांगते. पुढे सगळं तिच्यावरूनच घडलं. आमच्याकडे मोसम सुरू होण्याआधी कप्तान पाणबुड्याला उचल देतो. खाली गेलेला माणूस वर येईलच असं नाही, म्हणून पैसे आधी घरी. उचल घेतली की उतरणं आलंच, मग ताप असो की वादळ असो. आणि उचल घेऊन पाणबुड्या गेलाच, तर ती त्याच्या विधवेकडून परत मागायची नाही. जो मागेल, त्याच्या नावेवर पुन्हा कुणी पाय ठेवत नाही. मिकेस सख्खा भाऊ, तरी साकेलारिस दर वसंतात त्याच्या हातावर उचल ठेवी, आणि मिकेस ती न मोजताच घरी जाऊन बायकोला देई. बायको एव्दोकिया. ती मात्र मोजून घेई. म्हणूनच ती मला पहिल्यापासून आवडायची.

एका एप्रिलमध्ये स्पंजांचं मोठं रान सापडलं. मिकेस दोनदा उतरला आणि तिसऱ्यांदाही उतरतो म्हणाला. वर आला तेव्हा हसत होता. कॉफी मागितली. कॉफीला उकळी येईपर्यंत त्याचे पाय गेले होते आणि बंदर दिसायच्या आधी तो गेला. खोल पाण्याचं हे दुखणं आमच्या गावात घराघराला ठाऊक आहे. कुणी कुणाला बोल लावला नाही. उकडलेल्या गव्हाचा प्रसाद झाला, चाळिसाव्या दिवसाचा झाला, वर्षाचा झाला.

पण साकेलारिसचा उजवा हात शांत होईना. जेवताना, चर्चमध्ये मेणबत्ती धरताना तो एकदम झटका घेई. दोनदा. खालून कुणी दोर ओढावा तसा. तो ताडकन उभा राही, मग रिकाम्या हाताकडे बघून पुन्हा खाली बसे. गावात सगळ्यांना दिसायचं. सगळे नजर वळवायचे. भलं माणूस आहे, कशाला विचारून दुखवा? मित्रांनो, या भलेपणाची किंमत पुढे किती झाली, ते मी सांगणारच आहे.

दोर धरणं त्याने सोडलं. त्यासाठी दुसरा माणूस ठेवला. पण एक केलं. वाटे पाडताना माझ्यानंतर तो "मिकेसचा" म्हणून एक वाटा बाजूला सारी आणि एव्दोकियाकडे पोचवी. पदरात दोन मुली होत्या तिच्या. ती पैसे घेई, मोजी, आणि म्हणे, "पोचले, भाऊजी." इतकंच. या दोन शब्दांवर तिघांचं चाललं होतं. तिचं, त्याचं आणि गेलेल्याचं.

त्याच सुमारास शेजारच्या शहरातलं एक जुनं मोठं हॉटेल कुठल्याशा संस्थेने विकत घेतलं. ते लोक माणसाच्या मनावरची ओझी उतरवून देतात, अशी बोलवा होती. आमच्या धक्क्यावर त्यांना नुसतं 'हॉटेलवाले' म्हणत. त्यांच्यातली एक बाई, लॉर्ना तिचं नाव, एकदा स्पंज घ्यायला माझ्यापाशी आली. हडकुळी, नीटनेटकी, बुटांच्या टाचा झिजलेल्या. पाय ठेवला की मला माणूस कळतो. ही उपाशी नव्हती, पण पोटभर जेवलेलीही नव्हती. साकेलारिस तिला सुटे पैसे देत होता तेवढ्यात त्याच्या हाताला झटका बसला आणि नाणी पाण्यात पडली.

लॉर्नाने नजर वळवली नाही. तिने विचारलं, "कधीपासून होतंय हे?"

दीड वर्षात हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. तो तिथेच, पिंपावर बसून, बोलत राहिला. ऊन उतरलं तरी बोलत होता.

माझ्या पुढच्या टोकाजवळ बार्बा निकितास स्पंज कातरत बसलेला असे. बार्बा म्हणजे काका. तो कुणाचाच सख्खा काका नव्हता, म्हणून सगळ्या गावाचा होता. लॉर्ना गेल्यावर तो कातर न थांबवता म्हणाला, "बाई ऐकते छान. बघ हं, कान मोठा असला की पिशवीही मोठी असते."

"तिने एक डॉलर मागितला नाही," साकेलारिस म्हणाला.

"गळाला लावलेलं आमिष कधी माशाकडे पैसे मागतं का?"

पण खरं ते सांगायला हवं. साकेलारिस हॉटेलात गेला आणि त्याला गुण आला. त्याच्या दोन्ही हातांत दोन नळकांडी देत, रिकाम्या डब्यांसारखी, आणि त्यांना जोडलेल्या यंत्रावर एक काटा हले. समोरचा माणूस विचारी, हा सांगे. पहिल्या बैठका स्वस्तात झाल्या. आणि तो झोपला. सलग, बाळासारखा झोपला. त्या महिन्यात हाताला एकदाही झटका नाही. तो शिट्टी वाजवत माझ्या फळ्या धुवायला लागला. मला वाटलं, चला, सुटला बिचारा. मीही फसलेच की.

मग हात पुन्हा हलला.

तिथून पुढचा हिशेब सोपा आहे आणि म्हणूनच भयंकर आहे. त्यांचा इलाज पायऱ्यापायऱ्यांनी विकला जाई. हात शांत राहिला, तर ती पायरी लागू पडली, आता वरची घ्या. हात हलला, तर मूळ खोल आहे, कदाचित गेल्या जन्मांतलं आहे, म्हणून वरची घ्या. छापा पडो की काटा, पैसे वरच्या पायरीलाच. बैठका तासांच्या गठ्ठ्याने विकत आणि गठ्ठा हजारांत असे. वर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला भाव चढे. म्हणून महिनाअखेरीला लॉर्ना यायची. आज भरलेत तर आजचा भाव, पायरी पुढे कधीही चढा.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता की माल मिळाल्याशिवाय दाम कसा देऊ? साकेलारिस कालिम्नोसच्या रक्ताचा. आधी पैसे देणं त्याला ओळखीचं वाटलं, आपल्या घरातलं वाटलं. तो निकितासला म्हणाला, "ही उचल आहे. उचल घेतली की माणूस बांधला जातो. आता ते मला मध्येच सोडायचे नाहीत."

"आणि तू?" निकितासने विचारलं.

"मी कशाला सोडतोय?"

निकितासने हातातला स्पंज उलटा करून नुसता झटकला.

मित्रांनो, पहिला वाटा गेला तो माझा. ते साहजिकच होतं, कारण मी तक्रार करत नाही. त्या हिवाळ्यात तळाचा रंग राहिला. पुढच्या वर्षी करू, असं ठरलं. पुढच्या वर्षी इंजिनही राहिलं. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारी एक अळी असते. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून आत शिरते आणि आतल्या आत बोटाएवढी होते. बाहेरून फळी जशीच्या तशी दिसते. तांब्याचा रंग असेल तर ती फिरकत नाही. रंग नसेल तर तिला आमंत्रण. मला ती चावलेली कळायची. पण त्या दिवसांत साकेलारिसचं आतलं कोण पोखरत होतं, ते मला जास्त कळत होतं.

लॉर्नाला वाईट म्हणावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तिने ओहायोतलं आईचं घर विकून सगळे पैसे तिथे भरले होते. हॉटेलातल्या एका खोलीत ती चौघींबरोबर राहायची. साकेलारिसला तिने जे विकलं, ते तिने आधी स्वतः विकत घेतलेलं होतं, तेही महागात. ती फसवत नव्हती. ती स्वतः बुडालेली होती आणि बुडणाऱ्याने मिठी मारावी तशी सगळ्यांना मिठी मारत होती.

चौथ्या वर्षी तिने त्याला एक गोष्ट समजावली. जो बदल्यात काही देत नाही, त्याला देत राहणं म्हणजे त्याला पांगळं करणं. तुमच्या भावाच्या बायकोला तुम्ही पांगळं करताय, कप्तान. ती हे अगदी कळकळीने बोलली. साकेलारिस दोन दिवस विचारात होता.

त्या खेपेनंतर वाटे पडले. माझं नाव निघालं आणि पैसे त्याच्याच खिशात गेले. मग तो थांबला. "मिकेसचा पुढच्या खेपेला," तो पुटपुटला. खलाशांनी मान वर केली नाही. एव्दोकिया संध्याकाळी आली, तेव्हा त्याने तिलाही तेच सांगितलं. तिने मान हलवली आणि गेली. पुढच्या खेपेलाही तेच झालं. तिसऱ्या खेपेला ती आलीच नाही. हमरस्त्यावरच्या मोटेलात खोल्या झाडायचं काम तिने धरलं होतं. पुढे रस्त्यात दोघं समोरासमोर आले, तेव्हा ती म्हणाली, "नमस्कार, कप्तान." भाऊजी म्हणणं तिने सोडलं.

त्याच्या हे लक्षात आलं की नाही, मला ठाऊक नाही. माझ्या आलं. ज्या भावाच्या आठवणीपासून सुटका हवी, त्याच भावाच्या वाट्यातून सुटकेचे पैसे जात होते. असा व्यवहार मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

अखेर मोठी पायरी आली. ही चढलात की मरणाचीही गाठ सुटते, असं त्याला सांगितलं होतं. तिची किंमत म्हणजे साधारण मी. धक्क्यावर फोटिस नावाचा एक खाणावळवाला होता. मासे बरे तळायचा आणि माणसं त्याहून बरी तळायचा. त्याला दारापुढे शोभेला एक नाव हवी होती. आत फुलझाडं लावीन म्हणत होता. भाव ठरला. तरी थोडे पैसे कमी पडत होते आणि सोमवारी पहिली तारीख होती. तेव्हा साकेलारिसला माझ्या डोलकाठीखालचं नाणं आठवलं. त्या वर्षी सोन्याला कधी नव्हे एवढा भाव आला होता.

शनिवारी दुपारी तो पहार घेऊन आला. काठी उचलायला दुसरा माणूस हवा, म्हणून त्याने निकितासला हाक मारली. निकितासने कातर खाली ठेवली, पहारेकडे पाहिलं, आणि धक्क्यावरून चालू लागला. साकेलारिस एकटाच काठीच्या बुंध्याशी पाचर ठोकू लागला. मित्रांनो, माझ्या जन्मापासून ते नाणं तिथे होतं. मी त्याच्यावर उभी होते. प्रत्येक ठोक्याला मला वाटे, आता मी विकली गेले नाही, तर मोडले गेले.

निकितास परत आला तो एव्दोकियाला घेऊन. ती कामावरूनच आली होती, मोटेलाचा निळा एप्रन तसाच. ती माझ्यावर चढली. मिकेस गेल्यापासून ती माझ्यावर कधी चढली नव्हती.

"काय चाललंय, कप्तान?"

"नाव दिली फोटिसला. नाणं काढून घेतोय. ते आईचं आहे."

"ते नावेचं आहे," ती म्हणाली आणि इंजिनाच्या पेटीवर बसली. "किती दिलेत हॉटेलवाल्यांना आजवर?"

त्याने आकडा सांगितला. एकेचाळीस हजार डॉलर. निकितासने टोपी काढली, मयताला काढतात तशी.

"त्यातल्या चढून झालेल्या पायऱ्यांचे किती आणि उचल किती?"

"उचल सोळा हजार."

"मागा परत."

साकेलारिसने पहार टेकवली. तो चिडला नव्हता, त्याला खरंच नवल वाटलं होतं. "उचल परत मागतात का कधी? तुला कुणी सांगायला हवं? मिकेसची शेवटची उचल तुझ्या घरी होती. तुझ्याकडे मागितली मी?"

"नाही मागितलीत. आणि म्हणूनच मी पाच वर्षं तुमच्यासमोर मान खाली घालून पैसे मोजले. पण मला एक सांगा. मिकेसने उचल घेतली, तेव्हा पाण्यात कोण उतरलं?"

"मिकेस."

"उचल जो घेतो, तो उतरतो. आपल्याकडे असंच आहे ना? इथे पैसे घेतले त्यांनी, आणि सहा वर्षं उतरताय तुम्ही. दर महिन्याला अजून खाली." ती पेटीवरून उठली. "दोर कुणी धरलाय तुमचा, भाऊजी?"

त्याच्या हाताला झटका बसला. दोनदा. पहार पडली आणि माझ्या फळीला खोक पडली. ती खोक अजून आहे, माळेमागे हात घातलात तर लागेल. तो उभा राहिला नाही. काठीच्या बुंध्याशी पाठ टेकून खाली बसला. निकितासने पाचर काढून पाण्यात फेकून दिली.

सोमवारी साकेलारिसने फोटिसला नाव देत नाही म्हणून सांगितलं आणि तो हॉटेलात गेला, पण पैसे भरायला नव्हे. परत मागणं हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा करत होता आणि ते त्याला चोरी केल्यासारखं वाटत होतं. त्यांनी त्याला या टेबलावरून त्या टेबलावर फिरवलं. समजावलं, बसवून ठेवलं, घाबरवलंही. पैसे मागितलेत की आमचं दार तुम्हांला कायमचं बंद, आमचं कुणीही तुमच्याशी बोलणार नाही, असं सांगितलं. तो दर आठवड्याला इस्त्रीचा सदरा घालून जात राहिला. दोन हिवाळे गेले आणि सोळांपैकी नऊ हजार हातात आले. चढलेल्या पायऱ्यांचे अर्थातच गेले. लॉर्ना त्याला एकदा बाजारात दिसली. ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली. बूट तेच होते. त्या संध्याकाळी तो माझ्या कठड्याशी उभा राहून म्हणाला, "सहा वर्षांत माझं सगळं ऐकून घेतलं तिने. मी तिला एकदाही विचारलं नाही, तुझं कसं चाललंय." हॉटेलवाल्यांबद्दल मी त्याच्या तोंडून ऐकलेलं शेवटचं वाक्य ते हेच.

नऊ हजार डॉलर आणि मागणारे दोघे. एक मी. मला किनाऱ्यावर ओढून उलटीपालटी करून पाहिलं, तेव्हा कारागिराने माझ्या तळात खिळा टोचला आणि तो आतपर्यंत गेला, पावात सुरी जावी तसा. अर्धा तळ बदलला असता तर मी पुन्हा समुद्रात गेले असते. त्याला सगळे नऊ हजार लागले असते. दुसरी एव्दोकिया. राहिलेले सगळे वाटे धरले तर तिचे साडेआठ हजारांच्या वर होत होते.

साकेलारिस माझ्या तळाला हात लावून उभा राहिला. मग तो एव्दोकियाच्या घरी गेला आणि टेबलावर पैसे ठेवून म्हणाला, "मिकेसचे." तिने मोजले. "पोचले, भाऊजी."

मी वाटेकरीण आहे, हावरी नाही. माझ्या हाती असतं तर मीही असंच केलं असतं. तरीपण खोटं का बोलू? पाणी समोर असताना कोरड्यावर उभं राहायचं म्हणजे काय, ते त्या दिवशी मला समजलं आणि मला फार वाईट वाटलं.

आता माझा शेवटचा अध्याय. एव्दोकियाने मोटेल सोडलं. माझ्याखाली तिने ठोकळे बसवून घेतले, अंगाला पांढरा रंग, कडेला निळी पट्टी दिली आणि माझ्यावर स्पंजांचं दुकान मांडलं. फोटिस अजून वाटेत थांबून म्हणतो की फुलझाडं जास्त शोभली असती. निकितास म्हणतो की तुझ्या तेलाच्या वासाने ती मेली असती. तो माझ्या पुढच्या टोकाशीच बसतो. कातर चालू असते, जीभही.

आणि साकेलारिस? त्याचा हात बरा झाला नाही. तो दुसऱ्याच्या नावेवर जातो, कप्तान म्हणून नाही, दोर धरायला. मिकेसनंतर जे काम त्याने सोडलं होतं, तेच. पहिल्या दिवशी धक्क्यावरचे सगळे श्वास रोखून होते. पण झालं भलतंच. खालून दोराला नुसता स्पर्श झाला तरी तो हात उठतो. बाकीच्यांना कळायच्या आत त्याला कळतं. तरुण पाणबुडे आता हट्ट धरतात की दोर म्हाताऱ्याच्याच हातात हवा. ज्या झटक्यापासून सुटायला त्याने एवढा पैसा ओतला, त्यावर आज तो वाटा कमावतो. कधी सुट्टीच्या दिवशी हात उगाचच ओढला जातो. मग तो येऊन माझा कठडा धरून उभा राहतो, थांबेपर्यंत. त्याचे मी पैसे घेत नाही.

तर मित्रांनो, जमिनीवरच्या म्हातारीचं एवढं ऐका. जे तुम्हांला तोलून धरतं, त्याचा वाटा आधी बाजूला काढा. नाव असो, घर असो की घरातलं माणूस असो. ते तक्रार करत नाही, म्हणून त्याला नंतर देऊ असं म्हणू नका. मनाची शांती शोधत कुणी दाराबाहेर पडला तर त्याला हसू नका. त्याला दुखत असतं. आणि शेजाऱ्याचा हात थरथरताना दिसला, तर भलेपणाने नजर वळवू नका. जवळ जा आणि विचारा, कधीपासून होतंय हे? एवढंच विचारायचं असतं आणि ते फुकट असतं. तुम्ही विचारलं नाहीत, तर पैसे घेऊन विचारणारं कुणीतरी येतंच.

बघा, आज शनिवार आहे आणि ऊन उतरलं. एव्दोकियाने माळा आत घेतल्या, पैशांची पेटी उघडली. आता ती वाटे पाडील. थोडं थांबा आणि ऐका, पहिलं नाव ती कुणाचं घेते.